आईच्या वाट्याचा कूलर

कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, अशी ती वर्षं. बाबा अचलपूरकडच्या शेतातच राहिले आणि मी आईला घेऊन अकोल्याला आले. जठारपेठेतल्या एका खोलीत बसून मी टायपिंगची कामं घ्यायची. प्रबंध, लग्नपत्रिका, जे येईल ते. घर त्यावरच चालायचं.

कम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, म्हातारा. त्यात जड विंडोज, वर अँटिव्हायरस. मी काही करत नसले तरी तो आतल्या आत राबत असायचा. एप्रिल लागला की तापून फटकन बंद पडायचा, टाइप केलेली पानं गायब व्हायची आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

एकदा आईने कम्प्युटरच्या डब्याला हात लावून पाहिला. "ताप आला वं त्याले," म्हणाली आणि चक्क ओला पंचा घेऊन आली. मी ओरडले म्हणून थांबली. पण दुसऱ्या दिवशी घरातला एकुलता एक कूलर तिने कम्प्युटरला टेकवून ठेवला. मी भांडले. "थो बंद पडला त आपन खाऊ काय? मले सवय हाये," एवढंच म्हणाली.

मग एका संध्याकाळी तिने पाठीला पावडर लावून मागितली. मानेपासून कमरेपर्यंत घामोळ्या, काही फुटलेल्या. मला रडूच आलं.

कॉलेजातल्या मैत्रिणीने विंडोजच्या जागी टाकायला, जुन्या मशीनवर चालणाऱ्या हलक्या लिनक्सची सीडी दिली. ते टाकून त्यात मराठी कीबोर्ड बसवताना नाकी नऊ आले. पण पडदा साधा, कामापुरता. मशीनला उगाच राबायला काही उरलंच नाही. भर दुपारी कूलर आईच्या खाटेकडे वळवला आणि जीव मुठीत धरून टाइप करत बसले. डबा कोमट झाला, बंद मात्र पडला नाही. आई दोनदा उठून त्याला हात लावून गेली आणि मग गाढ झोपली. तोंड उघडं, चक्क घोरत. इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं.

उठली ती ओशाळून. उठल्या उठल्या कूलर माझ्याकडे वळवायला लागली. "मशीनचं निभलं, आता तू हवा घे."

"मंग तुया नंबर कवा येईन वं आई?" मी भडकलेच.

असं तिला कुणी कधी विचारलंच नसावं. मी कूलर पुन्हा तिच्याकडे फिरवला आणि ती आडवी होईपर्यंत त्याला धरून उभी राहिले.