पुतळाबाईचे रविवार

खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरात धनगरांची एक वस्ती आहे. थोडी घरं, एक मारुतीचा पार आणि दोन खोल्यांची शाळा. त्या शाळेवर मी बरीच वर्षं मास्तर होतो. राहायला खुलताबादला, येणं-जाणं मोटारसायकलवर. वस्तीच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच एक घळ आहे. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी तिच्यात कोसळतं आणि खाली डोह भरतो. पूर्वी तिथं मेंढरं धुवायला आणि बाया धुण्याला जायच्या, एवढंच. मग शहरातल्या कुणीतरी त्या पाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि आषाढ लागला की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. भद्रा मारुती करायचा, वेरूळ बघायचं आणि परतताना आमच्या घळीत भिजायचं, असा लोकांचा शिरस्ता पडला.

घळीच्या तोंडाशी पुतळाबाईची पत्र्याची शेड होती. ती तिथं पिठलं-भाकरी आणि ठेचा करून द्यायची. लोक चुलीपुढं वाकून तिचे फोटो काढायचे. "मावशी, जरा इकडं बघा ना," म्हणायचे. ती मान वर करायची नाही. "किती शांत आहे ना इथं," असं एखादी बाई हमखास म्हणायची. तेव्हा शेजारच्या गाडीत गाणी लावलेली असायची आणि पुतळाबाईच्या कानात मागच्या पाण्याचा आवाज असायचा. त्याच पाण्यात तिचा नवरा मुंजाबा गेला होता.

मुंजाबा गेला त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. पुतळाबाईच्या भावानं, कडूबानं, चितेगावच्या एका कंपनीत मुंजाबासाठी वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं. पुतळाबाईला वाटायचं, डोंगरात चराई राहिली नाही, निम्मं रान कुंपणात गेलं, घळीत बाटल्यांच्या काचा पडतात आणि मेंढरांचे पाय कापतात; आता हे सोडावं. मुंजाबा ऐकेना. शेवटी तिचा तोल गेला आणि ती अंगणातून ओरडली, "जावा मंग! मरा त्या मेंढरामागं!"

मुंजाबानं मेंढरं सोडली. घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला. दाराशी बसलेल्या सासूनं, बानाबाईनं, ते शब्द ऐकले.

दुपारनंतर मेंढरं रस्त्यावर आली, त्यांच्यामागं नुसता कुत्रा. माणसं शोधायला निघाली. डोहाच्या काठावर एका सपाट दगडावर मुंजाबाची घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली होती. शेजारी त्याच्या वहाणा, जोडीला जोड लावून. दोन दिवसांनी खालच्या ओढ्यात बाभळीच्या मुळांत त्याचं प्रेत अडकलेलं सापडलं.

पोलिसांनी पाय घसरून बुडाला असं धरलं आणि ते गेले. वस्तीनं मात्र तसं धरलं नाही. मुंजाबा पोरवयापासून त्या डोहात पोहत होता. पट्टीचा पोहणारा बुडतो कसा? आणि पाय घसरून पडणारा माणूस आधी घोंगडीची घडी घालतो का? जो तो हेच विचारायचा, आणि उत्तर बानाबाईनं अंगणात बसून मोठ्यानं देऊन टाकलं. "हिनं मर म्हनलं. मव्हं लेकरू मेलं."

त्या दिवसापासून बानाबाई सुनेशी बोलली नाही. एकाच छपराखाली दोघी राहायच्या. काही सांगायचं असलं तर म्हातारी नातीला, साळूला, सांगायची. "तुह्या आईला म्हनाव, कालवनात मीठ नाय." साळू सांगायची. पुतळाबाई मीठ घालायची. साळू लग्नाची झाली तेव्हा दोन ठिकाणी बोलणी मोडली. बायकोच्या तोंडामुळं नवरा डोहात गेला, त्या घरची पोर कोण करील, असं वस्तीतल्याच रामकिसननं पाहुण्यांच्या कानावर घातलं होतं. शेवटी फुलंब्रीकडच्या एका बिजवराला साळू दिली. ती सासरी गेल्यावर म्हातारीचा निरोप्या गेला. मग ती चुलीकडं तोंड करून बोलायची. "आज पाठ लई दुखती." चूल ऐकायची आणि पुतळाबाई तेल कोमट करून तिच्याजवळ ठेवून द्यायची.

मेंढरं तर आधीच विकली होती, त्यांच्यामागं फिरणारं कुणी नव्हतं. शेतात मजुरी मिळायची तेव्हा मिळायची. डोहाजवळ शेड टाकायचं पुतळाबाईनं ठरवलं तेव्हा वस्तीनं तोंडात बोटं घातली. नवऱ्याला खाल्लं त्याच जागी पोट भरती, असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "मास्तर, गाड्या तितंच थांबत्यात. दुसरीकडं कोन खायाला येतंय?"

आणखी एकदा, मी चहा पीत असताना, तिनं आपणहून विचारलं, "मास्तर, मानूस बोलण्यानं मरतं का वो?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग घोंगडीची घडी कामून घातली त्यांनी?"

मी चहाचे पैसे ठेवून उठलो.

त्या घडीचं उत्तर आलं श्रावणातल्या एका मंगळवारी. मंगळवारी घळीत कुणी नसतं. शाळा सुटल्यावर मी शेडपाशी थांबलो होतो. पुतळाबाई चूल सारवत होती. खुलताबादकडून एक ऑटो आला आणि त्यातून शहरातली एक बाई उतरली, पस्तिशीच्या पुढची, एकटीच. हातात कापडाची पिशवी. पाणी बघायला आलेली माणसं आधी पाण्याकडं धावतात. ही पाण्याकडं पाठ करून उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "इथं एक मेंढपाळ असायचे. उंच होते, गळ्यात काळा दोरा होता. मला त्यांना भेटायचंय."

पुतळाबाईनं सारवणाचा हात थांबवला. "कशापायी?"

"मी इथं बुडत होते. बरीच वर्षं झाली त्याला. त्यांनी मला बाहेर काढलं. तेव्हा आभारसुद्धा मानता आले नाहीत. नाव-गाव काहीच माहीत नाही." तिनं पिशवी पुढं केली. "त्यांच्यासाठी धोतरजोडी आणलीय."

पुतळाबाई उठली नाही. शेणाचा हात तसाच वर धरून तिनं विचारलं, "भाईर काढलं. मंग?"

"मला काठाकडं ढकललं. आमच्यातल्या एकानं हात धरून ओढून घेतलं. मी मागं बघितलं तर ते दिसले नाहीत. विचारलं, तर माझे मिस्टर म्हणाले, तो पलीकडून वर निघाला, मेंढ्यांकडं गेला."

"तुमी बगितलं, वर निगाल्यालं?"

बाईनं पहिल्यांदाच वळून पाण्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "नाही."

"ते निगाले नाय, बाई," पुतळाबाई म्हणाली. "ते मव्हे मालक व्हते."

ती बाई उभी होती तिथंच चिखलात खाली बसली. तिचं नाव ज्योत्स्ना. तिथं बसूनच ती सांगू लागली. चार जोडपी आडवारी आली होती, घळीत दुसरं कुणी नव्हतं. पुरुष प्यालेले होते. ती फोटोसाठी पाण्याच्या धारेखाली गेली आणि पाय निसटला. तिच्या माणसांतलं कुणी उडी मारीना. मुंजाबा वरून धावत आला, घोंगडी आणि वहाणा टाकल्या आणि पाण्यात शिरला. ती वर आल्यावर सगळ्यांना एकच भीती, की आता वस्तीची माणसं गोळा होतील, दारूचा वास घेतील आणि मारतील. चला चला करत त्यांनी तिला गाडीत कोंबलं.

"मी थंडीनं कापत होते," ती म्हणाली. "कुणीतरी त्यांची घोंगडी माझ्या अंगावर टाकली होती. निघताना मी ती काढून घडी घातली आणि दगडावर ठेवली. वहाणा कुठंतरी पडल्या होत्या, त्यापण शेजारी नीट लावल्या. ते परत आले की सापडाव्यात म्हणून."

मी पुतळाबाईकडं बघितलं. ती रडली नाही. तिनं ओल्या हातानं तोंडावरून पदर फिरवला. गालाला शेण लागलं, ते तिनं पुसलंही नाही. उठून म्हणाली, "चला मव्ह्या संगं. हे आत्याबाईला सांगा."

बानाबाई अंगणात तूर निवडत बसली होती. दिसायचं कमी झालं होतं, पण कान तिखट. ज्योत्स्नानं तिच्यापुढं बसून सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीची बोटं सुपात थांबली.

"घडी तू घातली?"

"हो, आजी."

"आन् तुमी गाडी काढून गेलात. मव्हं लेकरू पान्यात व्हतं तव्हा."

ज्योत्स्नानं मान खाली घातली. म्हातारीचे पाय धरायला गेली, तर म्हातारीनं पाय आखडून घेतले.

"इतके दिस कुठं व्हतीस?"

"मला वाटत होतं, ते वाचले."

"वाटत व्हतं का वाटून घेतलंस?"

पिशवीतली धोतरजोडी पिशवीतच राहिली. ऑटोवाला रस्त्यावरून हॉर्न देत होता. निघताना पुतळाबाईनं तिला अडवलं. "येका रविवारी या. पारावर समद्यांम्होरं सांगा. मव्ही येवढी येक गोष्ट करा." ज्योत्स्ना हो म्हणाली. मला वाटलं, ही आता पुन्हा दिसायची नाही.

पण ती आली, पुढच्याच रविवारी. घरी काही न सांगता आली होती. पारावर माणसं जमली. खालून घळीतली गाणी वर ऐकू येत होती. शिट्ट्या आणि पोरांचा ओरडा. ज्योत्स्नाचा आवाज त्यात मधूनच बुडायचा, तेव्हा कुणीतरी "मोठ्यानं बोला बाई" म्हणायचं, आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं. "आम्ही निघून गेलो. आम्ही त्यांना पाण्यात सोडून निघून गेलो."

तिचं सांगून झालं. मला वाटलं होतं, कुणी चिडेल, तिच्या अंगावर जाईल, नाहीतर निदान पुतळाबाईकडं वळून दोन शब्द बोलेल. तसं काही झालं नाही. रामकिसननं टोपी झटकली. "पान्याचं काय सांगता येतं," म्हणाला आणि उठला. त्याच्यामागं एकेक जण उठला. बाया पदर सावरत निघाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं पुतळाबाईला बोल लावला, त्यांतली एक जाता जाता म्हणाली, "चला, निदान कळलं तरी." पुतळाबाई पाराखाली उभीच होती. तिनं सगळ्यांना जाताना बघितलं. ज्योत्स्नाला तिनं रस्त्यापर्यंत सोडलं. दोघी काही बोलल्या की नाही, मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी बानाबाई सुनेशी बोलली. "पुतळे, पानी दे." पुतळाबाईनं पाणी दिलं. म्हातारीनं ते सगळं पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "तू मारलं म्हनून म्या तुह्याशी भांडत व्हते. आता कोनाशी भांडू?"

तिनं माफी मागितली नाही, सुनेनंही ती मागायला लावली नाही. पण म्हातारीतला जोर त्या दिवसापासून ओसरला. आधी पहाटे उठून अंगण झाडायची, ते सुटलं. पुतळाबाई भाकरी कुस्करून दुधात द्यायची, ती निम्मी उरायची. लोक म्हणायचे, वय झालं. पुतळाबाई मला म्हणाली, "वय नाय मास्तर. तिला राग जगवत व्हता." दिवाळीच्या आधी बानाबाई गेली. शेवटच्या दिवसांत ती सुनेचा हात धरून झोपायची, एवढं पुतळाबाईनं सांगितलं आणि मग विषय बदलला.

दिवाळी झाल्यावर पुतळाबाईनं शेड मोडली. पत्रे विकले. साळूच्या घरी राहायला जायचं ठरलं होतं, तिकडं कापूस वेचायला माणसं लागतात. मी तिला खुलताबादच्या स्टँडवर सोडलं. रविवार होता. भद्रा मारुतीच्या रस्त्यावर शहरातल्या गाड्यांची दाटी झाली होती आणि फुलंब्रीची गाडी त्यात अडकून उशिरा यायची होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "निदान तुमच्या मनावरचं ओझं तरी उतरलं, पुतळाबाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. "समद्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली. "मास्तर, म्या मारलं असं वाटायचं तव्हा म्या त्यांची माफी मागायचे. चुलीपुढं बसून, रोज. म्या नाय मारलं हे कळलं आन् आता त्यांचाच राग येतोय. घरी बायको हाय, लेक हाय, म्हातारी माय हाय. आन् वळख ना पाळख, त्या बाईसाठी उडी मारली. त्यांना समद्यांनी देवमानूस म्हनावं, म्या बी म्हनते. पन रातच्याला झोप लागत नाय. वाटतं, समोर बसवून इचारावं, आमी तुमचे कोन व्हतो?"

एसटी आली. गर्दी होती. तिनं बोचकं खिडकीतून सीटवर टाकलं आणि दाराकडं धावली.