फौजदार कुणाचा

धुकं असं दाटलं होतं की मागच्या अंगणात वाळत घातलेली चादर कुठली आणि धुकं कुठलं, कळायला मार्ग नव्हता. थोरलीने सहालाच हॉटेलच्या चाळीस चादरी भिजत टाकल्या, बाह्या कोपरावर सारल्या आणि गार पाण्यात हात घालता घालता सवयीने म्हणाली, "सरक रे बाजूला, भिजशील."

मागे कुणी नव्हतं. उंबरा रिकामा.

लाँड्री दोघी जावांची. धुण्याची खोली थोरलीची, इस्त्रीची धाकटीची, मधे एक अरुंद बोळ. आणि फौजदार हा थोरलीचा कुत्रा. टपालपेटीखाली कुडकुडणारं मूठभर पिल्लू तिने पदराखाली घालून आणलं, वाटीवाटीने दूध पाजून वाढवलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची हुंगून झडती घ्यायचा, म्हणून फौजदार. आठ वर्षं तो धुण्याच्या उंबऱ्यावर पडून होता. गेल्या दोन महिन्यांत मात्र त्याने बाडबिस्तरा हलवला तो थेट धाकटीच्या इस्त्रीच्या टेबलाखाली. वर फुगत चालला होता तो वेगळाच. थोरलीने मनातल्या मनात खटला चालवून निकालही लावून टाकला.

"काय चारतेस गं त्याला?"

"मी? शपथ ताई, काही नाही. सकाळपासून या ढिगातून मान वर काढली नाहीये."

"मग काय तुझी वाफ पिऊन फुगला?"

"मला काय माहीत! येतो, पडतो, घोरतो."

"तुझ्याकडेच बरा घोरतो!"

थोरलीने त्याचा दूधपाव निम्म्यावर आणला. कुत्रा आणखीच जाड झाला. आता तर शंकाच उरली नाही. धाकटी आत गेल्याचं बघून तिने तिची कचऱ्याची टोपली उपसली. दोऱ्यांचे गुंते आणि तुटकी बटणं, पावाचा एक चुरा म्हणून नाही. पुसूनही ठेवते बया, असं तिला वाटलं.

मग फौजदाराच्या दोन्ही कुशींवरचे केस गळाले. शेपटी उंदरासारखी उघडी पडली. "भाजून काढलंस माझ्या कुत्र्याला!" असं ओरडत थोरलीने त्याला कपड्यांच्या ढकलगाडीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघाली. धाकटीने इस्त्री बंद केली आणि कुणी बोलावलं नसताना गाडीला मागून हात लावला.

दवाखान्यात एक निवृत्त मास्तर मांजर घेऊन बसले होते. मांजराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दशा, तरी ते मास्तरांच्या पिशवीत तोंड खुपसून खाणं शोधत होतं. डॉक्टरीणबाईंनी फौजदाराची छाती ऐकली, मान चाचपली, रक्त काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोघींना परत बोलावलं.

"मानेत एक ग्रंथी असते, थायरॉईड," त्या म्हणाल्या. "शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची ते तिच्या हातात. याची मंदावलीय. म्हणून न खाताही वजन वाढतं, केस जातात, सारखी झोप येते, थंडी सोसवत नाही. काल मास्तरांचं मांजर बघितलंत ना? त्याचं नेमकं उलट. शेगडी भडकलेली, म्हणून कितीही खाल्लं तरी हाडं वर. मांजरांना बहुतेक तसं होतं, कुत्र्यांना असं."

थोरलीने एकच शब्द पकडला होता. "थंडी सोसवत नाही? म्हणजे हा उबेला जातो?"

"उबेलाच."

"ऐकलंस?" थोरली जावेकडे वळली. "इस्त्रीला येतो तो!"

"माझ्यासाठी येतो असं मी कधी म्हटलं?" धाकटी म्हणाली, पण तिचा चेहरा जरासा उतरला. थोरलीला ते बघून गोड वाटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी खाणं किती देता ते विचारलं आणि "निम्मं केलं होतं" हे तिला तोंडाने कबूल करावं लागलं. धाकटी खाली वाकून फौजदाराचं पोट कुरवाळायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

साठ गोळ्यांची बाटली मिळाली. सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. सकाळची थोरली देणार. संध्याकाळी ती हॉटेलात कपडे आणायला जाते, तेव्हाची धाकटी.

पहिल्याच संध्याकाळी निघता निघता थोरलीने पाहिलं. धाकटी उकिडवी बसली, म्हणाली, "बाळा, आ कर." आणि त्याने आ केला! वर तिचा हात चाटला. थोरलीने आठ वर्षांत त्याला बाळा म्हटलं नव्हतं. तिला हे इतकं लागलं की हॉटेलातून ती नॅपकिनांचा गठ्ठाच विसरून आली. दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडायच्या आधी संध्याकाळची गोळी तीही गुपचूप द्यायला लागली. सांगू उद्या, सांगू परवा, असं करत दिवस गेले.

फौजदार जागा झाला. बोळ ओलांडून तिच्याकडे आला. टाकीपासून तारेपर्यंत, तारेपासून टाकीपर्यंत तिच्या मागे मागे. बादलीत तोंड घालून लपालपा पाणी प्यायचा, ती बसली की कुईकुई करायचा.

"बघ, कसा सोडत नाही मला," थोरली म्हणाली.

"ताई, त्याला धाप लागलीय. तो खाली बसतच नाहीये."

"जळतेस तू."

अठराव्या दिवशी रात्री धाकटीने बाटली तळहातावर उपडी केली. "सातच? चोवीस हव्यात." तिने पुन्हा मोजल्या. पांढरीफटक पडली. "ताई, कामाच्या गडबडीत मीच दोन-दोन देत असेन का हो? तुम्हीच देत जा संध्याकाळची. माझं डोकं ठिकाणावर नाही."

आयतं पदरात पडत होतं सगळं. दोन्ही गोळ्या, पुरता कुत्रा. गप्प बसायचं, एवढंच काम. थोरलीने खाली हात नेला तर धापा टाकणाऱ्या फौजदाराची छाती तिच्या तळव्याखाली शिवणयंत्रासारखी धडधडत होती.

"मी दिली," ती म्हणाली. "रोज. तुझ्या आधी."

"का?"

"बाळा म्हणालीस त्याला."

"अहो, इस्त्री लवकर तापेना तर मी इस्त्रीलाही बाळा म्हणते!" धाकटी ओरडली. मग तिचा आवाज फुटला. "मेला असता म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी फोनवरच झापलं. आता एकही गोळी द्यायची नाही, उद्या घेऊन या. काही कुत्र्यांना एवढी जादाही भारी पडते. तपासणीनंतर पुन्हा दोनच गोळ्या सुरू झाल्या. धाकटी तीन दिवस कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी तिने भिंतीला कॅलेंडर टांगलं. जी गोळी देईल तिने चौकटीत फुली मारायची.

आठवडाभरात धाप गेली. फौजदार ना उंबऱ्यावर पडला ना टेबलाखाली. पुढच्या दारात बसून गिऱ्हाइकांच्या पिशव्या हुंगायला लागला, आणि दोघींनी हाका मारल्या तरी ढिम्म.

एका संध्याकाळी हॉटेल बंद होतं, थोरली घरीच होती. बोळाच्या पलीकडून आलं, "बाळा, आ कर." तिला पुन्हा तसंच लागलं. ती जागची हलली नाही. तिने धुवायच्या पँटींचा ढीग पुढे ओढला आणि एकेक खिसा उलटा करून झटकायला लागली. पहिल्यात बसचं तिकीट निघालं, दुसऱ्यात केसांची पिन.