पेटी की ट्रिव्हिअल?

"म्हणजे केवढं लहान, सर?" हा अक्कांचा प्रश्न. विचारताना त्या अंगठा आणि तर्जनी यांच्यात तीळभर अंतर धरून हात वर करायच्या.

जळगावात मी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेतो. अक्का साठीच्या पुढच्या, माहेर धुळ्याकडचं. यजमान वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त. ते स्कूटरवर त्यांना सोडायचे आणि तास संपेपर्यंत खाली थांबायचे. वर्गाला का आलात, असं पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "मुलगा-सून इंग्रजीत भांडतात. माझ्यावरून तर नाही ना, एवढं कळलं म्हणजे झालं."

अर्थाच्या बाबतीत भागवून घेणं त्यांना जमत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाजीवाल्याकडची प्रत्येक भेंडी मोडून बघतात.

एकदा मी फळ्यावर चार शब्द लिहिले: माइनर, निग्लिजिबल, ट्रिव्हिअल, पेटी.

"पेटी? भजनातली?" अक्कांनी विचारलं. वर्ग हसला, त्याही हसल्या. मग हात वर गेला. "चारही क्षुल्लकच ना? मग केवढं केवढं?"

मी सांगितलं. शर्टाला बारीक डाग, तो माइनर. दिसला तरी सोडून देता येतो, तो निग्लिजिबल. ट्रिव्हिअल म्हणजे डोकं लावण्याच्याही लायकीचं नाही ते. आणि पेटी? एवढ्याशा गोष्टीला माणूस धरून बसतो, तेव्हा तिचा लहानपणा त्यालाच चिकटतो.

अक्कांचा हात हळूच खाली आला.

तास संपल्यावर त्या मागे थांबल्या. "सर, लग्नघरी मी भरीत केलं होतं. जाऊबाई चारचौघांत म्हणाली, 'अक्कांनी तेल वाचवलेलं दिसतंय.' तेव्हापासून मी तिच्या घरी, भडगावला पाय ठेवला नाही. दिराच्या घरची वास्तुशांतसुद्धा चुकवली. याला काय म्हणायचं?"

मोठ्या माणसाला काय सांगणार? "ट्रिव्हिअल म्हणू या की, अक्का."

"छे. ट्रिव्हिअल असतं, तर मी विसरले असते." पदर सारखा करून त्या जिना उतरल्या.

पुढच्या तासाला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या तासाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

"गेले होते भडगावला. जाऊबाई दारातच म्हणाली, 'अक्का, वाट चुकन्यात का?' म्हटलं, नाही गं, भरीत खायला आले. ती तशीच परसात गेली, कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजायला बसली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. धूर माझ्या बाजूला होता, सर."

"आणि भरीत?"

"जरा करपलं होतं."

"मग सांगितलंत?"

अक्कांनी बोटं तिळाएवढी जवळ आणली. "निग्लिजिबल!"

त्यानंतर त्यांचे खाडे वाढत गेले. कधी भडगावला पापड, कधी कुरडया. मग येणं बंदच झालं.

परवा वर्ग सुरू होताना त्यांचे यजमान एकटेच जिना चढून आले. "जाऊबाईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ही तिकडेच आहे. फोन केला की म्हणते, आम्ही बोलतोय, नंतर करा." मला वाटलं, निरोप सांगून निघतील. पण त्यांनी चपला काढल्या, मागच्या बाकावर बसले आणि खिशातून चष्मा काढला.

"चालू द्या, सर," ते म्हणाले. "खाली उभं राहून इतके दिवस नुसते हॉर्नच ऐकले."