मॉलमधला रिकामा गाळा

परळच्या एका मॉलमध्ये मी चष्मा करायला गेले होते. त्या मजल्यावरची बहुतेक दुकानं बंद पडली होती आणि चष्मेवालीही जायच्या बेतात होती. काचा बसायला वेळ लागणार होता, म्हणून मी बाहेर आले, तर टाय लावलेला एक माणूस लगबगीने जवळ आला. तो मॉलचा मॅनेजर होता.

"मॅडम, घाईत नसाल तर समोरच्या गाळ्यात बसता का? गाळा बघायला पार्टी येतेय."

त्या रिकाम्या गाळ्यात पाच-सहा म्हाताऱ्या मेथी निवडत बसल्या होत्या. मॉलमागच्या चाळीतून त्यानेच त्यांना बोलावून आणलं होतं.

"एक गाळा अंधारात गेला की शेजारचा धीर सोडतो," तो हळूच म्हणाला. "मॉल सांभाळायचा म्हणजे आधी माणसांचा वावर सांभाळायचा." बोलता बोलता त्याने काचेवरचा बोटाचा ठसा स्वतःच्या टायने पुसला.

मीही एक जुडी घेतली. तेवढ्यात केकचं दुकान काढू पाहणारं एक जोडपं आलं. मॅनेजरने दिवे लावून दाखवले, नळ सोडून दाखवला. ते दोघं मात्र आमच्याकडेच बघत होते.

शेवटी बायकोने विचारलं, "गाळा घेतला तर या काकू राहणार ना?"

मॅनेजरने नळ बंद केला. मग गंभीरपणे म्हणाला, "हो तर. मेन्टेनन्समध्येच धरल्यात."

दोघांनी समाधानाने माना डोलावल्या.

मेथीतून मान वर न करता एक म्हातारी म्हणाली, "मग तो एसी वाईच कमी कर रे बाबा."

तो धावत गेला, आणि आम्ही पुढची जुडी सोडायला घेतली.