दादाच्या पंपाची साक्ष

मधूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी कल्याणच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. शिपायानं दारातूनच सांगितलं, “बाई, डोंबिवलीहून फोन होता…” मला रडू नाही आलं, आधी राग आला. दीड महिना झाला, तो अजून तसाच आहे. आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

दादा माझा थोरला भाऊ. ऐंशीच्या सुमारास तो डोंबिवलीत एका रंगाच्या कारखान्यात लागला. पिंपातली पूड उपसून टाकीत टाकायची, हे काम. विडी नाही, तंबाखू नाही. तरी दहा-बारा वर्षांत घरचे दोन जिने चढताना मध्ये थांबायला लागला. फुप्फुसं खराब झालीत म्हणून त्याला तोंडात मारायचा औषधाचा पंप मिळाला. त्यानं पुडीपासून लांबचं खातं मागितलं, तर कंपनीच्या डॉक्टरांनी फायलीत लिहिलं, की हा कामगार पंप वेळेवर घेत नाही, दोष त्याचाच. दादाला हे फार लागलं. “माझ्याच श्वासाबद्दल मी कशाला खोटं बोलेन गं?” तो मला म्हणालेला.

पुढे ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक नवीन वस्तू दिली. पंपाला बसवायची, काडेपेटीएवढी डबी. पंप दाबला की तारीख आणि वेळ तिच्यात आपोआप नोंदली जायची. दर महिन्याला बाई ती संगणकाला जोडून कागद काढायच्या. रोग्यानं घरी, कामावर काय केलं ते त्यांना दवाखान्यात बसून दिसायचं. शैलावहिनी चिडली, “म्हणजे आता पाळत ठेवणार?” दादा म्हणाला, “ठेवू दे. मला साक्षीदारच हवाय.”

तिसऱ्या महिन्यात बाईंनी कागद त्याच्यापुढे ठेवला. सकाळ-संध्याकाळचा एकही डोस चुकला नव्हता. आणि जीव कासावीस झाल्यावर घेतलेले जास्तीचे डोस? ते सगळे कामाच्या पाळीतले. सुट्टीच्या दिवशी जवळजवळ एकही नाही. बाईंनी त्यावर सही करून दिली.

दादानं तो कागद भर जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये, कंपनीच्या डॉक्टरांच्या ताटाशेजारी ठेवला. “वाचा साहेब. मोठ्यानं वाचा.” ते उठायला लागले, तर त्याच्या खात्यातली सगळी माणसं दाराशी जाऊन उभी राहिली. मग दर ओळीला दम घेत दादानंच तो वाचून दाखवला… हे मला सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. आठवड्यात खातं बदललं, त्याचं आणि आणखी चौघांचं. पण फुप्फुसं काही बदलून मिळत नाहीत.

तेराव्यानंतर कंपनीचे ते डॉक्टर दादाच्या घरी आले. “वाईट झालं,” म्हणाले. “औषधं घेत होते ना नियमित?”

आम्ही पाणीसुद्धा विचारलं नाही. ते खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीकडे वळले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून शेवटची तीन वर्षं दादा त्या खुर्चीत बसूनच झोपला, पुढ्यातल्या टेबलावर उशी आणि उशीवर कपाळ ठेवून.

“तिथं नाही,” मी म्हणाले. “तुम्ही उभे राहा.”

ते उभे राहिले. आणि त्या खुर्चीत माणूस तीन वर्षं कसा झोपतो, ते मी त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं… अजिबात घाई न करता.