फोटोखालची ओळ

लीड्सच्या एका कॉलेजात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना विद्यापीठाचे अर्ज भरायला मदत करणाऱ्या मृणाल सोनटक्केला गोडगोड बोलणाऱ्या साहेबांची शिसारी यायची. तिची आई नागपूरला जिल्हा परिषदेत कारकून. 'लेखी कागद कधी फेकायचा नाही,' ही आईची शिकवण. म्हणून मृणालच्या खणात नकाराचा कागदन्‌ कागद जपलेला.

कोलंबियाच्या युलियानाला नर्सिंगची डिग्री करायची होती. विभागप्रमुख ग्रॅहमने तिच्या शिफारशीच्या फॉर्मवर शेरा मारला आणि तो परत पाठवला. मृणालने मग दुसऱ्या शिक्षकांची शिफारस मिळवली, चार शनिवार युलियानासोबत बसून अर्ज लिहिला आणि प्रवेश मिळाला.

झालं! ग्रॅहम टाय लावून हजर. युलियानाच्या खांद्यावर हात टाकून त्याने पोस्टरसाठी फोटो काढून घेतला. म्हणे, आमच्या कॉलेजचं यश! लाज कोळून प्यायलेला मेला!

"फोटोखाली काय छापायचं?" त्याने हसत विचारलं.

मृणालने खणातून तो फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. शेरा त्याच्याच अक्षरात होता : 'या लोकांना विद्यापीठ झेपत नाही. सफाईची कामं दाखवा.'

"हेच छापा," ती म्हणाली. "खाली सहीसुद्धा आहे तुमची."