मामांचा डावा अंगठा

साऱ्या झाडीपट्टीत माझ्या मामांइतका चवीनं जेवणारा आणि मामांइतका मोठ्यानं कण्हणारा दुसरा माणूस झाला नाही. आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल अशी शंका आम्हा घरच्यांना कित्येक वर्षं शिवली नाही. मामा लहानसे मालगुजार. गावचा तलाव त्यांचा, आणि जाळं पडलं की ढिवरांनी पहिली मासोळी मामांच्या ओट्यावर आणायची हा रिवाज. ताटात मरळ नाहीतर झिंगे, रविवारी बकऱ्याची कलेजी, आणि संध्याकाळी घसा ओला करण्यापुरती मोहाची. मामांचा घसा फार खोल होता. हे सगळं पोटात गेलं की दोन दिवसांत डाव्या पायाचा अंगठा पिकल्या टमाट्यासारखा सुजायचा. मग तो उशीवर ठेवून मामा असे ओरडायचे की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडायचे. सुट्टीत मी नागपूरहून आलो आणि नुसता खाटेजवळून गेलो, तर म्हणाले, "हळू चाल नं बे! तुह्या चालीचा वारा लागून राहिला."

मामींचा उपाय ठरलेला होता. पाय दुखतो म्हणजे पायात ताकद नाही, आणि पायाची ताकद पायातच मिळणार, हा त्यांचा सरळ हिशेब. सकाळपासून चुलीवर बकऱ्याच्या पायांचा रस्सा रटरटत असे आणि दुपारी मामी तो फुंकर घालून मामांना पाजत. मामा जितके प्यायचे तितके ओरडायचे, आणि जितके ओरडायचे तितका मामींना जास्त कळवळा येऊन दुसऱ्या दिवशी रस्सा आणखी दाट होई. प्रेमानं माणूस कसा जेरीस येतो ते मी त्या घरात पाहिलं.

अशात मामांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न येत्या चैत्रातलं ठरलं. पाठवणीच्या वेळी बापानं लेकीच्या दमणीसोबत, म्हणजे छोट्या बैलगाडीसोबत, गावच्या शिवेपर्यंत पायी जायचं, ही आमच्याकडची रीत. शीव चांगली अर्ध्या कोसावर, आणि मामांना अंगणातली विहीर लांब पडे. भाऊबंदांनी सुचवलं की मामांनी दमणीत बसावं. मामा ताडकन म्हणाले, "काऊन? मी का नवरी होय?" त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली.

म्हणून गोंदियाहून एक म्हातारे वैद्य आणवले. त्यांनी अंगठा पाहण्याआधी जेवण विचारलं, आणि सगळी यादी ऐकून हात जोडले. "मालगुजारसाहब, ये पैर का दर्द नहीं, थाली का दर्द है. कलेजी, मछली, पाया, महुआ, सब बंद. इसी से खून बिगड़ता है और जोड़ में जा बैठता है." दाराआड मामींनी ते ऐकलं आणि मटकन खाली बसल्या. "माय वं! मीच आपल्या हातानं दुखणं वाढून राहिली होती!" मामा बाहेरून ओरडले, "अवं, पन चव होती नं!"

मग चार महिने भात, मुगाची डाळ, दुधी आणि ताक. मामा दुपारी पाळीवरच्या मोहाखाली खाट टाकून पडत. तलावावरून गार वारा येई, धान कापलेल्या बांध्या उन्हात धूसर होत जात, आणि मामा झोपेत जेवू लागत. ओठ हलत, बोटं कालवत. जागे झाले की तसेच डोळे मिटून सांगत, "आज मरळ होती. काटा एकबी नाई." मामी जवळच तांदूळ निवडत असायच्या. त्या विचारत, "मीठ बराबर होतं काय जी?" "थोडं कमी." "उद्या पाहून टाकीन." आणि दोघंही बराच वेळ पाण्याकडे पाहत बसत. खरं सांगतो, एवढं सुखाचं जेवण मी जागेपणी कुठे पाहिलं नाही. अंगठा हळूहळू उतरत गेला.

लग्नाला चार दिवस उरले असताना व्याही बोलणी करायला आले. तलावातली मरळ शिजली. यजमानानं घास घेतल्याशिवाय व्याही ताटाला हात लावीनात. मामांनी डोळे मिटले. चेहरा थेट मोहाखालच्या झोपेतला, आणि हात तुकड्याकडे निघालेला. इतक्यात जन्मात पाहुण्यांसमोर न आलेल्या मामी डोईवर पदर ओढून बाहेर आल्या आणि त्यांनी ताटच उचललं. "रागवा नोका बापू. यायले पोरीसंगं शिवेलोक चालाचं आहे." व्याह्यांनी आपली वाटी बाजूला सारली. "मंग मलेबी ताकच वाढा," ते म्हणाले.

पाठवणी सकाळी झाली. रस्ताभर मोहफुलांचा सडा, दमणीचं करकरणं, आणि तिच्या कडेला हात लावून चालणारे मामा. एकदाही लंगडले नाहीत. शिवेवर लेक पाया पडली, दमणी पुढे गेली, धूळ खाली बसली, तरी मामा हलेनात. मामींनी घाबरून विचारलं, "दुखून राहिला काय जी?"

"नाई वं. जराबी नाई," मामा म्हणाले. "आज दुखाले पायजे होता. रडाले बहाना तरी भेटला असता."

"रडा नं. कोन पाहून राहिलं?"

मामा शेताच्या धुऱ्यावर बसले. पाहणारा मी एकटाच होतो. मी तलावाकडे तोंड फिरवून उभा राहिलो.